चौदा दिवसांच्या आत

पाळणाघरात तिला सगळे मावशी म्हणत. मुलं म्हणत, मुलांच्या आया म्हणत, पाळणाघर चालवणाऱ्या ताई तिच्यापेक्षा चांगल्या आठ वर्षांनी मोठ्या, पण त्याही मावशीच म्हणत. घरी नवरा ‘अगं’ म्हणे. स्वतःचं नाव तिला ऐकू यायचं ते फक्त बँकेत, आणि तिथेही दोनदा पुकारल्याशिवाय ती उठत नसे.

तर ही मावशी बुधवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याची चौकशी चालली होती.

चौकशी करणारी बाई आरोग्य खात्याची. चार मजले चढून आल्यामुळे पहिली दोन मिनिटं ती नुसती छातीवर हात ठेवून बसली. पाणी विचारलं तर म्हणाली, “नको, माझी बाटली आहे.” मग मांडीवर चार पानांचा फॉर्म उघडला.

“लिफ्ट नाही वाटतं?”

“नाही,” पलंगावरून नवरा म्हणाला. “आणि मी लिफ्टचा मेकॅनिक. तीस वर्षं गावाला वर-खाली केलं आणि शेवटी स्वतः वरच अडकलो.”

हा विनोद तो येईल त्याला सांगायचा. पाच महिन्यांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून पलंग, वॉकर, संडास आणि परत पलंग. खालचा रस्ता त्याने खिडकीतून पाहिला असेल तेवढाच. आता वर ही कावीळ. डोळ्यांचा पांढरा भाग उन्हात पडलेल्या वर्तमानपत्रासारखा झाला होता. अन्न बघितलं की उमासे, लघवी कोऱ्या चहासारखी. दवाखान्यात रक्त तपासलं, त्याचा अहवाल खात्याकडे गेला आणि अहवालामागून ही बाई आली.

“ही कावीळ तोंडावाटे येते,” बाई म्हणाली. “कुणाच्या तरी शौचातून कुणाच्या तरी हाताला, हातातून अन्नाला किंवा पाण्याला, आणि तिथून तुमच्या पोटात. ऐकायला घाण वाटेल.”

“वाटेल काय, आहेच.”

“पंधरा ते पन्नास दिवस लागतात दिसायला. म्हणून मी दीड महिना मागचं विचारणार. आठवेल तेवढं सांगा. या काळात गावाबाहेर कुठे गेलात?”

“संडासापर्यंत. जाऊन-येऊन.”

“पाणी?”

“उकळून,” मावशी दारातून म्हणाली.

“याच टाकीचं पाणी बाकीची पंधरा घरं पितात. खालपासून विचारत आले मी. कुणाला काही नाही.” बाईने एक चौकोन खोडला. “कच्ची मासळी? बाहेरची कोशिंबीर? बर्फ? लग्नकार्यातलं जेवण?”

“बाई, माझं लग्न सोडून मी कुठल्याच लग्नात नीट जेवलेलो नाही.”

“त्यातही कुठे जेवलात,” मावशी म्हणाली. “प्यायलात.”

बाईने मान वर केली. “पिता?”

“चार वर्षं थेंब नाही,” तो म्हणाला, आणि या वाक्याला त्याचा आवाज नेहमी थोडा ताठ व्हायचा. “पण आधीची मेहनत आहे ना. डॉक्टर म्हणाले, यकृत अर्धंच चालतंय.”

बाईने ते लिहून घेतलं. लिहिताना तिचा चेहरा किंचित बदलला. “मग जपायला हवं. चांगल्या यकृताला ही कावीळ झाली तर माणूस महिना-दोन महिन्यांत उठतो. तुमचं तसं नाही. गुंगी आली, बडबड असंबद्ध झाली, तर एक मिनिट थांबायचं नाही, सरळ इस्पितळ. बरं, घरात आणखी कोण?”

“ही एकटी.”

“या काय करतात?”

मावशीने तोंड उघडलं, पण त्याआधी नवरा बोलला.

“बाई, लिहा. लपवून काय करायचंय. मी खाली गेलो होतो.”

“कधी?”

“ही कामावर गेल्यावर. महिना झाला असेल. कोपऱ्यावर रसवाल्याची गाडी आहे, तिथे. मोसंबीचा रस घेतला. बिनमिठाचा. ग्लासाच्या कडेला टवका उडालेला होता, मी म्हटलंसुद्धा त्याला, अरे ग्लास बदल.”

बाईने वॉकरकडे बघितलं. “चार मजले?”

“बसून. एकेक पायरी. लहान मुलं उतरतात तसं.”

मावशीला त्याचं खोटं बोलणं पाठ होतं. वीस वर्षं रोज ऐकलेलं. खरं सांगताना हा माणूस तीन शब्दांत उरकायचा. खोटं सांगताना ग्लासाला टवका पाडायचा.

“आणि तुम्ही?” बाईने आता थेट तिच्याकडे बघून विचारलं. “कुठे काम करता?”

“पाळणाघरात.”

पेन थांबलं. “डायपरमधली मुलं आहेत?”

“बारा.”

“कुणी आजारी? ताप, जुलाब, कावीळ?”

“कुणीच नाही.” हे खरं होतं.

“तेच तर. एवढ्याशा मुलांना बहुतेकदा काही होतच नाही. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही. हसतात, खेळतात आणि डायपरमधून आजार वाटत राहतात. अंथरूण धरतात ती त्यांच्या घरातली मोठी माणसं. तुम्हाला लहानपणीच होऊन गेली असेल, म्हणून तुम्ही उभ्या. पण हात तर तेच ना? सॅनिटायझरने हा विषाणू नीट मरत नाही, साबणच लागतो. तिथून खायचं काही घरी आणता?”

“छे,” नवरा म्हणाला. “तिला तिथे स्वतः खायला वेळ मिळत नाही, घरी काय आणते.”

मावशीने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाईने चौकोनात खूण केली.

जाताना दारात तिने एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. “काही आठवलं तर करा. कसं आहे, ज्यांचा संबंध आला त्यांना चौदा दिवसांच्या आत लस टोचली तर आजार अडवता येतो. चौदा उलटले की टोचून काही हाती लागत नाही. म्हणून घाई.”

ती गेल्यावर मावशीने दार लावलं. मग मावशी म्हणाली, “कशाला सांगितलंत ते?”

“तुझं काम जाईल. तिचं पेन बघितलंस ना कसं थांबलं? पाळणाघर बंद करतील, ताई तुला काढतील. मग खाणार काय आपण, माझा पाना?”

“चार वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललात.”

“सवय गेलीये,” तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. “जरा जड गेलं.”

त्याला वाटत होतं, तो तिच्या हातांवर पांघरूण घालतोय. डब्याचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

डब्याचं असं होतं. पाळणाघरात दहा वाजता मुलांना फळ मिळायचं. सफरचंद, केळं, कधी उकडलेलं अंडं. बारा मुलं म्हणजे बारा तऱ्हा. कुणी एक घास खाऊन फोड ठेवून देई, कुणी नुसती चाटे, कुणी मूठभर केळं टेबलाला फासून मोकळं. ताईंचा हात सढळ, त्या कापायला लावत भरपूर. उरलेलं टाकायचं मावशीच्या जिवावर येई. डॉक्टरांनी नवऱ्याला फळं खा म्हणून बजावलेलं, आणि सफरचंदं काय झाडाला लागतात का, असं विचारायची सोय नाही, लागतात, पण आपल्या नाही. तेव्हा ती राहिलेल्या फोडी गोळा करी. दाताचे ठसे असलेली कड सुरीने तासून काढी, पाण्याखाली धरी आणि डब्यात भरी. घरी जाऊन म्हणे, “घ्या, ताजी आणलीत.” लेकराचं उष्टं ते काय उष्टं, असं तिला वाटे. आईला वाटतं तसं. तिला स्वतःचं मूल झालं नव्हतं, पण बारा जणांच्या लाळेने भिजलेल्या खांद्याला हे वाटायचा हक्क होता.

ज्या सुरीने कड तासायची ती सुरी, जिथे धरायची तो नळ आणि ज्या हातांनी धरायची ते हात, याचा विचार तिने कधी केला नव्हता. पाळणाघरात नळ एकच होता. डायपर बदलायचं टेबल त्याच्या डाव्या बाजूला, फळं कापायचा ओटा उजव्या. मध्ये मावशी. पूर्वी साबण होता. मग ताईंनी भिंतीला सॅनिटायझरची बाटली टांगली. “दर वेळी हात धुवत बसलात तर पोरं रांगत फाटकाबाहेर जातील. दोन थेंब घ्या, चोळा, चला पुढे.” मावशी दोन थेंब घेई, चोळी आणि पुढे चाले. दिवसातून तीस वेळा.

हे सगळं तिला बुधवारी कळलं. कळलं म्हणजे दगड हातात दिल्यावर वजन कळतं तसं. त्यापुढे काही वाटेना. तिने नवऱ्याला पेज दिली, त्याने ओकली, तिने फरशी पुसली.

गुरुवारी कामावर निघाली तर कोपऱ्यावर रसवाल्याची गाडी झाकलेली. ताडपत्रीवर खात्याचा कागद चिकटवलेला. रसवाला शेजारी पालथ्या क्रेटवर बसला होता. नुसता बसलेला रसवाला तिने कधी पाहिला नव्हता. त्याचे हात कुठे ठेवावेत ते त्यालाच कळत नव्हतं.

“वहिनी, साहेब बरे आहेत का?”

“आहेत.”

“काल ते आले, पाणी नेलं, बर्फ नेला, ग्लासं नेली. म्हणाले, अहवाल येईपर्यंत बंद. म्हटलं, कुणाला बाधलं ते तरी सांगा. सांगत नाहीत. मग चौथ्या मजल्याचं बोलले.” तो हसल्यासारखं करून म्हणाला, “वहिनी, साहेब माझ्याकडे आले कधी हो? ते पडले तेव्हा मीच त्यांना उचलून गाडीत घातलं होतं. त्यानंतर मी तर त्यांना खिडकीतच बघतो.”

“मला उशीर होतोय,” मावशी म्हणाली.

“हो, हो. जा तुम्ही.”

पाळणाघरात गेल्यावर तिने चार वेळा साबण मागितला. ताई म्हणाल्या, “आज काय सोवळ्यात आलात का मावशी? आहे ना बाटली.” बारा मुलं होती आणि बाराही टुणटुणीत. त्यातली राणीसरकार तर विशेषच. दोन वर्षांची, गोबरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला हुकूम सोडायची: बस, ऊठ, दे, घे. सकाळी डायपर बदलताना मावशीने तिच्या डोळ्यांत बघितलं. दुधासारखे पांढरे. राणीसरकार म्हणाली, “घे,” आणि तिचं नाक ओढलं. मावशीने तिला पुसलं, गुंडाळलं, खाली उतरवलं. मग डावीकडून उजवीकडे वळली आणि सुरी उचलताना तिचा हात ओट्यावर तसाच राहिला. फळं त्या दिवशी ताईंनीच कापली.

संध्याकाळी पाच वाजता न्यायला माणसं येतात. राणीसरकारला न्यायला आजोबा यायचे, ऐकू कमी, छातीत यंत्र बसवलेलं, गडी मात्र हौशी. नातीने मुठीत अर्ध्या तासापासून धरलेलं बिस्किट त्यांच्यासमोर केलं. पार लगदा झालेलं.

“घे,” राणीसरकारने फर्मावलं.

“मला? वा, वा! सरकारांची मेहेरबानी!” म्हणून आजोबांनी वाकून तोंड उघडलं. तिने ते आत कोंबलं. त्यांनी बोटंसुद्धा चाटली.

मावशी फाटकाशी उभी होती. किंचाळावं, धावावं, असं काही तिच्याकडून झालं नाही. तिच्या डोक्यात फक्त एक आकडा आला. चौदा. आजपासून धरले तरी चौदा. आणि हे बिस्किट काही पहिलं नव्हतं.

ती आत गेली. ताई खुर्च्या उलट्या करून ठेवत होत्या.

“ताई, माझ्या नवऱ्याला कावीळ झालीये.”

“अगं बाई! मग सुट्टी घ्यायचीत ना.”

“ती इथून गेलीये. मी उरलेल्या फोडी घरी नेत होते. या मुलांपैकी कुणालातरी आहे. खात्याला कळवायला पाहिजे.”

ताईंनी हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली. “मावशी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? एक तरी पोर आजारी आहे? सांगा, एक तरी?”

“तेच म्हणाली ती बाई. मुलं आजारी पडत नाहीत म्हणून.”

“म्हणजे आजार नाही हाच पुरावा! असं असेल तर मग सगळं गावच आजारी आहे.” मग त्यांचा आवाज खाली आला. “हे बघा, बाहेर एक शब्द गेला ना, तर उद्या इथे एक पोर येणार नाही. अठरा वर्षं लागली मला. आणि काय म्हणतील? पाळणाघराची बाई पोरांचं उष्टं चोरून नेत होती. तुम्हाला कुणी दारात उभं करेल पुन्हा? मलाही ठेवता येणार नाही, सांगते आत्ताच.”

“हो,” मावशी म्हणाली.

“हो काय हो? विचार करा.”

“फोन कुठून करू? इथून की बाहेर जाऊन?”

ताईंनी तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे बोट केलं. मावशी अंगणात गेली आणि कपडे वाळत घालायच्या, आता रिकाम्या असलेल्या दोरीखाली उभी राहून तिने चिठ्ठीवरचा नंबर लावला. सगळं सांगितलं. डबा, सुरी, नळ, बाटली. बाईने मध्ये एकदाच विचारलं, “मग रसवाला?”

“तो नाही. ते खाली उतरलेच नाहीत. उतरताच येत नाही त्यांना.”

“ठीक आहे,” बाई म्हणाली. “तुम्ही फोन केलात ते...” आणि वाक्य तसंच सोडून दिलं. “शनिवारी टोचायला येतो. सगळ्या घरांना.”

घरी आल्यावर तिने चप्पल काढायच्या आधीच नवऱ्याला सांगितलं. तो डोळे मिटून पडला होता.

“मी सांगून टाकलं. फळं विकतची नव्हती. पोरांची उष्टी होती. वर्षभर तेच देत होते तुम्हाला.”

त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, “दाताचे ठसे दिसायचे कधी कधी.”

“दिसायचे?”

“एखाददुसऱ्या फोडीला राहून जायचे. बारीक-बारीक. मला वाटायचं, उंदरांचे.”

“आणि तरी खायचात?”

“म्हटलं, एवढी महाग फळं आणते, उंदीर लागलेत म्हणून सांगायची हिला लाज वाटते बिचारीला. कशाला बोला.” तो हसायला गेला आणि त्याला ढास लागली. “काम गेलं?”

“गेलं.”

“माझं फुकट गेलं म्हणजे खोटं. चांगला टवका पाडला होता ग्लासाला.”

“रसवाल्याचं दुकान बंद पडलं तुमच्या टवक्याने.”

“त्याचं?” त्याने नजर छताकडे वळवली. “त्याने उचललं होतं मला.”

“उद्या उघडेल.”

“हं,” तो म्हणाला. “आता लिफ्ट बंद कर. लोक मध्येच अडकलेत.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “काय म्हणालात?”

“दार लावून घे म्हटलं. केबल घसरतीये.”

बाईचे शब्द तिला आठवावेही लागले नाहीत. तिने खिडकी उघडून खाली हाक मारली. रसवाला अजून क्रेटवरच बसून होता. तोच वर आला, शेजारच्या दोघांना घेऊन. खुर्चीत बसवून चार मजले त्याला खाली नेलं. एकेका वळणावर नवरा बजावत होता, “सावकाश, ब्रेक बघा, ब्रेक.” दुसऱ्या मजल्यावर रसवाला म्हणाला, “वहिनी, पुढे व्हा, गाडी बघा,” तेव्हा रसाचं ते सगळं खोटं होतं, हे तिने त्याला सांगून टाकलं. तो थांबला नाही. खुर्चीचा पाय भिंतीला लागू नये म्हणून त्याने हात मध्ये घातला होता, तो तेवढा सोलवटून निघाला.

इस्पितळात त्याला काचेच्या दाराआड ठेवलं. डॉक्टर म्हणाले, यकृताने हात टेकलेत, बघू. शनिवारी सकाळी तो जिवंत होता. त्यानंतर चारच दिवस जगला. पण शनिवारी हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि काचेतून बघत बसण्याखेरीज तिला तिथे काम नव्हतं. नऊ वाजता आरोग्यवाल्या बाईचा फोन आला.

“येऊ शकाल का? मुलं हात लावू देत नाहीयेत. दोन नर्स आहेत, दोघींना चावली.”

ती गेली. पाळणाघराच्या अंगणात टेबल मांडलं होतं. बारा मुलं, त्यांचे आईबाप, आजीआजोबा, मिळून पन्नासेक माणसं. ती फाटकातून आत आली तसं बोलणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, “हीच ती.” कुणीतरी म्हणालं, “लाज नाही.” ताई रजिस्टर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. नळापाशी नवीन साबण होता. तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि स्टुलावर जाऊन बसली.

एकेक मूल मांडीवर घ्यायचं, डावा हात आपल्या काखेत धरायचा, उजव्याने डोकं छातीशी. सुई जायची, मूल रडायचं, खाली उतरायचं. काही बापांनी मूल तिच्याकडे देताना तोंड फिरवलं. एकाने दिलंच नाही, स्वतः धरलं, आणि सुई वाकडी गेली. आजोबांनी स्वतःची बाही आधीच वर करून ठेवली होती. “मलापण? मी काय लंगोटातला आहे?” ते मोठ्याने विचारत होते.

पुढे अहवाल आले. तीन मुलांत सापडलं, त्यात राणीसरकार एक. पण त्या सकाळी ती नुसतीच बाराव्या नंबरला होती, आईच्या कमरेवर.

मावशीने हात पुढे केले.

“तुम्ही हात लावू नका तिला,” आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मावशीने हात मागे घेतले. उठून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. आईने स्टुलावर बसून मुलीला मांडीत घेतलं. राणीसरकारने सुई बघितली आणि कमान केली. लाथ मारली, नर्सचा ट्रे उडाला, कापूस अंगणभर झाला. दुसऱ्यांदा धरलं. पुन्हा निसटली. आईचे केस सुटले, ती घामाने भिजली, मुलगी निळी पडेपर्यंत रडत होती. नर्स म्हणाली, “बाई, हलली तर सुई मोडेल.”

आईने मावशीकडे बघितलं नाही. रजिस्टरकडे बघत म्हणाली, “धरा.”

मावशी आली. खाली जमिनीवर बसली, कारण स्टूल मोकळं नव्हतं. मुलीला घेतलं, डावा हात काखेत, डोकं छातीशी. रडणं थांबलं नाही, पण हलणं थांबलं. तिला गळ्यापाशी ओलं लागलं, लाळ असेल, नाकाचं असेल.

“झालं,” नर्स म्हणाली.

मावशीने मुलगी वर करून आईकडे दिली. आईने घेतली. मग नर्सने विचारलं, “आणखी कोण राहिलं?”

“मोठी माणसं,” मावशी म्हणाली आणि बाजूला सरकली.